तिसरी बॅटरी कशासाठी? गाडीच्या दिव्यांचा थोडा अभ्यास



वार्षिक जमाखर्च छापून आला की आपल्यापैकी काही जण तो ओळ न ओळ वाचतात, हे मला यंदा कळले. एका मंडळीच्या खजिनदार भगिनींनी कार्यालयाला पत्र पाठवले. त्यांनी लिहिले होते, "फिरत्या दवाखान्याच्या गाडीला दीड वर्षात तीन बॅटऱ्या घेतल्याचे दिसते. आमच्या घरची गाडी एका बॅटरीवर चार वर्षे चालते. कृपया खुलासा व्हावा." पत्र प्रेमाचे होते, पण प्रश्न सरळ होता. संपादकांनी ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "दादा, गाडी तुम्ही चालवता. उत्तर तुम्हीच लिहा."

मी बारा वर्षे ही गाडी चालवतो आहे. उत्तर थोडक्यात द्यायचे तर असे: पहिली बॅटरी घेणे भाग होते, कारण जुनी चार वर्षांची होऊन गेली होती. दुसरी आणि तिसरी घ्यावी लागली, कारण बिघाड एकीकडे होता आणि मी दुसरीकडे पाहत होतो. पैसे आपले गेले. म्हणून हे सविस्तर लिहितो. आपल्या पुष्कळ मंडळ्यांकडे, शाळांकडे, वसतिगृहांकडे स्वतःची गाडी आहे. त्यांच्या चालकांनी हा लेख वाचला तर माझी चूक थोडीतरी कामी येईल.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

आधी गाडीची ओळख. परदेशात लोक मोटरहोम नावाची गाडी घेऊन फिरतात, म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची सोय, फ्रीज, दिवे, सगळे असते. आपली दवाखान्याची गाडी आतून बरीचशी तशीच आहे. पलंगाच्या जागी तपासणीचे टेबल आणि स्वयंपाकाच्या ओट्याच्या जागी औषधांचे कपाट, एवढाच फरक. फ्रीज मात्र आहे, आणि तो जिवाभावाचा आहे. इन्सुलिनसारखी काही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात, आणि उन्हाळ्यात शहादा-तळोद्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पुढची इंजिन चालू करण्यासाठी. तिच्या आतील प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, म्हणून ती दोन-चार सेकंदांत खूप करंट देऊ शकते. सेल्फ मारला की तिचे मुख्य काम संपले. मागची बॅटरी फ्रीज, दिवे आणि इन्व्हर्टरसाठी. तिच्या प्लेटा जाड असतात आणि ती रात्रभर थोडा थोडा करंट देत राहते. पुढची शंभर मीटरच्या शर्यतीतला गडी, मागची भाराची मोळी घेऊन घाट चढणारी बाई. एकाचे काम दुसऱ्याला दिले तर तो टिकत नाही. पुढच्या बॅटरीला रोज रात्री फ्रीज चालवायला लावले तर चार वर्षांची बॅटरी काही महिन्यांत मरते.

म्हणून दोघींच्या मधे एक रिले बसवलेला असतो. इंजिन चालू असताना तो दोघींना जोडतो, म्हणजे अल्टरनेटर (जुने चालक अजून डायनामो म्हणतात) दोघींना चार्ज करतो. इंजिन बंद झाले की रिले त्यांना वेगळे करतो. मग मागची रात्रभर कितीही उतरली तरी पुढची भरलेली राहते आणि सकाळी गाडी सुरू होते. हा रिले चहाच्या कपात मावेल एवढा. आमच्या तीन बॅटऱ्यांच्या कथेत खरा चोर हाच होता. त्याचा एक साथीदारही होता, त्याच्याकडे नंतर येतो.

धडगावच्या पलीकडची रात्र

दुसरी बॅटरी फेब्रुवारीत बसवली. बसवल्यानंतर दुसऱ्याच सकाळी सेल्फ जड फिरला, हे मला नीट आठवते. नवी कोरी बॅटरी आणि सेल्फ जड! पण मी म्हटले, सातपुड्यातली थंडी आहे, ऑइल घट्ट झाले असेल. थंडीत ऑइल घट्ट होते आणि बॅटरीची ताकदही कमी होते, हे खरेच आहे. पण मार्चमध्येही सेल्फ जड होता आणि मेमध्येही. मी त्याची सवय करून घेतली.

डिसेंबरात धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर तीन दिवसांचे शिबिर होते. गाडी एका जागी उभी. रोज अर्धा तास इंजिन चालू ठेवले की बॅटरी भरते, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या रात्री एक बापलेक आले. लेकरू दीड वर्षाचे, छाती भात्यासारखी चाललेली. आमच्या सिस्टरने नेब्युलायझर लावला. तो इन्व्हर्टरवर चालतो. दहा मिनिटांत इन्व्हर्टर शिटी वाजवू लागला आणि बंद पडला. सिस्टर म्हणाल्या, "याला ऑक्सिजन लागेल, धडगावला न्यायला पाहिजे, आत्ता." मी किल्ली फिरवली. कट-कट-कट. पुन्हा फिरवली. कट-कट.

लेकरू वाचले, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहणार नाही.

मी विचार केला, मागच्या बॅटरीवरून पुढचीला जंप देऊ. केबल लावली, तरी काही नाही, कारण मागचीही तितकीच उतरलेली. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मागची उतरली हे समजण्यासारखे आहे, तिचे कामच ते. पण पुढची का उतरली? दोघींना वेगळे ठेवणारा रिले असताना दोघी एकाच वेळी कशा मेल्या? त्या रात्री हा प्रश्न सुचला नाही. पाड्यावरची दहा-बारा माणसे उठून आली, त्यांनी गाडी सपाटीवरून ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन धरले. या सगळ्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास लेकराचा बाप काही बोलला नाही, फक्त गाडीच्या दाराला हात लावून उभा होता.

एक सूचना येथेच देतो. गाडी ढकलून चालू करायची तर सपाटीवर आणि सरळ रस्त्यावर. इंजिन बंद असताना ब्रेक कडक होतो आणि पॉवर स्टेअरिंगही जड होते. घाटाच्या उतारावर हा प्रयोग कोणी करू नये.

परत आल्यावर मी तिसरी बॅटरी घेतली. दुकानदाराने जुनी तपासून सांगितले, "ही गेली." तो खरेच बोलला. ती गेलीच होती. ती का गेली हे त्याने विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

चाचांचा मीटर

तिसरी बॅटरी बसवली त्याच्या तिसऱ्या दिवशी सेल्फ पुन्हा जड. मग मात्र मी शहाद्याला एका वृद्ध वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांच्याकडे महागडे यंत्र नाही, फक्त एक साधा मल्टीमीटर. त्यांनी मला तो हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच लावा. मी फक्त सांगतो." पुढचा एक तास माझ्या बारा वर्षांच्या नोकरीतला सर्वांत उपयोगी तास होता.

पहिले मोजमाप: गाडी रात्रभर बंद, सगळे दिवे बंद, मीटर पुढच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. बारा व्होल्टची बॅटरी खरे तर बारावर नसते. १२.६ किंवा १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली गेली तर ती उतरलेली समजावी, आणि तशीच काही आठवडे ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती पूर्ण भरत नाही. इंजिन बंद केल्या केल्या मोजू नये. तेव्हा आकडा खोटा मोठा दिसतो. काही तास थांबावे. आमची बॅटरी १२.५ होती. म्हणजे ठीक.

दुसरे मोजमाप: मी सेल्फ मारताना चाचांनी तेच दोन टर्मिनल मोजले. सेल्फ फिरताना आकडा खाली येतोच, पण चांगल्या बॅटरीवर तो दहाच्या आसपास किंवा वर राहावा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. आमचा १०.६. म्हणजे बॅटरी पुन्हा निर्दोष! मग सेल्फ जड का?

तिसरे मोजमाप मी जन्मात पाहिले नव्हते. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दोन्ही जागा "अर्थ"च्या. दोन्ही एकच असायला हव्यात, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य, फार तर ०.२. सेल्फ मारला, आकडा आला १.८. चाचा हसले. "एवढे व्होल्ट रस्त्यातच सांडतात तुमचे."

करंट प्लसने जातो तसा मायनसने परत यावा लागतो. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक जाड पट्टी असते. गाडीखाली वाकून पाहिले तर आमची पट्टी हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. नदी-नाल्यांतून गाडी नेल्याचा हा प्रसाद. त्यामुळे सेल्फला १०.६ पैकी फक्त ८.८ मिळत होते. शिवाय अल्टरनेटरचा करंटही याच पट्टीतून परत येतो. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर पोहोचेपर्यंत १३.८. हा फरक छोटा वाटतो, पण बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती. पट्टीची किंमत काही शे रुपये. एकेक बॅटरी सात-आठ हजारांची.

नवी पट्टी बसवली, सेल्फ फिरला तसा माझ्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून चाचा म्हणाले, "थांबा. पट्टीने सेल्फ जड होतो. बॅटरी दहा महिन्यांत मरत नाही. अजून कोणीतरी आहे." त्यांनी इंजिन बंद ठेवून आधी पुढची बॅटरी मोजली, मग मागची. दोन्हींचा आकडा दशांशापर्यंत सारखा. मग मला फ्रीज आणि इन्व्हर्टर चालू करायला सांगितले. मागचीचा आकडा उतरला आणि पुढचीचाही त्याच्याबरोबर उतरला. इंजिन बंद असताना पुढचीला फ्रीजची खबरही लागायला नको. रिले उघडला, तर आतले दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले. म्हणजे कित्येक महिने आमच्या दोन बॅटऱ्या रात्रंदिवस जोडलेल्या होत्या आणि शर्यतीचा गडी रोज मोळी वाहत होता.

हे शोधायला मीटर लागतो आणि पाच मिनिटे लागतात. दोन बॅटऱ्यांची गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी महिन्यातून एकदा एवढे जरूर करावे.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता डॅशबोर्डच्या दिव्यांकडे येतो, कारण या कथेत एक दिवाही आहे आणि त्याच्यापायीही खर्च झाला. सप्टेंबरात इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. तीन कोड निघाले. त्यातील एक सेन्सरचा होता, म्हणून सेन्सर बदलला. दिवा गेला आणि महिन्याने परत आला. चाचांच्या सांगण्यावरून मी ती स्कॅनरची चिठ्ठी पुन्हा काढली. सर्वांत वर छापले होते पी ०५६२. त्याचा अर्थ, व्होल्टेज कमी. हल्लीच्या डिझेल गाड्यांत इंजिनचा कारभार संगणक चालवतो. सेल्फ मारताना त्याला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत की तो गोंधळतो आणि निर्दोष सेन्सरवरही आरोप ठेवतो. म्हणून अनेक कोड एकदम निघाले आणि त्यात व्होल्टेजचा असेल, तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थ पाहावा. ते नीट करून कोड पुसावेत आणि जो परत येईल त्याच्याच मागे लागावे. पट्टी बदलल्यापासून तो दिवा आमच्याकडे लागलेला नाही.

पिवळा दिवा म्हणजे सवडीने पण नक्की दाखवा. एका ठिकाणी मी त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे. चालक म्हणाला, "डोळ्यांना त्रास होतो." पिवळा दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीची ओढ गेली, तर मात्र सवडही नाही.

लाल दिव्यांचे वेगळे. ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर पुढच्या गावापर्यंत नेऊ असे म्हणू नये. बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. त्याचा अर्थ ऑइल कमी झाले एवढाच नसतो, ऑइलचा दाब गेला असा असतो, आणि दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांत खराब होते. टेम्परेचरचेही तसेच. थांबावे, पण गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लोकांना सर्वांत जास्त फसवतो. बॅटरीचे चित्र दिसते म्हणून लोक बॅटरी बदलतात. तो दिवा खरे तर चार्जिंगचा आहे. चालू गाडीत तो लागला तर बहुधा अल्टरनेटर चार्ज करत नाही, किंवा त्याचा पट्टा तुटला किंवा ढिला झाला. आधी बोनेट उघडून पट्टा पाहावा. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर इंजिन तापेल, म्हणून गाडी पुढे नेऊ नये. पट्टा शाबूत असेल तर दिवे, पंखा, फ्रीज बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते, कारण आता गाडी केवळ बॅटरीतल्या साठ्यावर चालली आहे.

या दिव्याची आणखी एक गंमत. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून चालू केले नाही, तेव्हा तो लागलाच पाहिजे. इंजिन धरले की विझला पाहिजे. किल्ली फिरवल्यावर लागतच नसेल तर खूश होऊ नये. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या छोट्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेला की चार्जिंगही थांबू शकते आणि सांगायला दिवाही नसतो. आमच्या गाडीत मात्र तो दिवा सगळा काळ व्यवस्थित विझत होता. अल्टरनेटर त्याचे काम करत होता. पुढे रस्त्यात काय सांडते आणि रिले रात्री काय करतो, हे दिव्याला कळायला वाव नाही.

जुन्या चालकांची एक सवय मोडायला हवी. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे, इंजिन बंद पडले नाही म्हणजे डायनामो चांगला. मीही हे शिकलो होतो. आताच्या गाडीत असे केले तर व्होल्टेज एकदम उसळते आणि संगणक जळू शकतो. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. बॅटरी काढताना मायनस आधी काढावा, बसवताना मायनस शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

रात्रीचा हिशेब

शेवटी खजिनदार भगिनींना आवडेल असा हिशेब. आमचा फ्रीज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो, पण निम्मा वेळ तो बंद असतो, म्हणून सरासरी २. बारा तासांचे २४ अँपिअर-तास झाले. दोन एलईडी दिवे मिळून १ अँपिअर, पाच तासांचे ५. नेब्युलायझर इन्व्हर्टरवर साधारण १० अँपिअर घेतो, पाव तासाचे अडीच. एका रात्रीचे सुमारे ३२. मागची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पण ती निम्म्याखाली उतरवू नये असा नियम, म्हणजे हाताशी ५०. एक रात्र सुखाने जाते, दोन नाही. आणि उभ्या गाडीत अर्धा तास इंजिन चालवून ३२ भरून निघत नाहीत. दहा-पंधरा भरले तरी नशीब. शेवटचा भाग तर बॅटरी फार हळू पिते. त्या डिसेंबरात मी तीन दिवस हेच करत होतो. आता दुसऱ्या दिवशी दुपारी औषधे आणायच्या निमित्ताने गाडी दीड-दोन तास रस्त्यावर काढतो, आणि जेथे शाळेत वीज असते तेथे चार्जर लावतो.

भगिनींनी हेही विचारले होते की काढलेल्या बॅटऱ्यांचे काय केले. तिन्ही जुन्या दुकानदाराला परत दिल्या. मोडीची रक्कम बिलातच वजा झाली आहे, म्हणून ती वेगळी दिसत नाही. पट्टी, रिले आणि आमचा स्वतःचा मल्टीमीटर यांचा एकत्र खर्च पुढच्या जमाखर्चात येईल. तो एका बॅटरीच्या निम्म्यालाही पोहोचलेला नाही. चाचांनी तासाभराच्या शिकवणीचे पैसे घेतले नाहीत, त्यामुळे ती नोंद कोठेच सापडणार नाही.

गाडीत आता एक वही ठेवली आहे. आज सकाळची नोंद: पुढची १२.६, मागची १२.४. किल्लीवर सर्व दिवे लागले, इंजिनवर सर्व विझले. आठ वाजता मोलगीकडे निघालो.